गोचिडाची लस : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागच्या अंकातल्या गोचीड तापावरच्या लेखात "खुद्द गोचिडाविरुद्धही लस तयार झालेली आहे" असे एक वाक्य ओघात येऊन गेले. आलेली बहुतेक पत्रे त्याच वाक्यावर आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या संकरित कालवडींना गोचिडाची लस टोचून घेतली. तरी या पावसाळ्यात कासेला आणि कानात गोचीड आहेतच. लस फसली का? (दूध उत्पादक, ता. फलटण)

फसलेली नाही, कारण ती गोचिडाची लस नव्हतीच. बाजारात आणि गोठ्यात "गोचिडाची लस" या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात.

पहिली थायलेरियाची लस. हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सची 'रक्षाव्हॅक-टी' ती हीच. गोचीड चावताना थायलेरिया ॲन्युलाटा नावाचा एकपेशीय परजीवी जनावराच्या रक्तात सोडतो. हाच परजीवी पेशी-संवर्धनात वाढवून निर्बल केला की ही लस होते. ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात आणि वितळवली की लगेच टोचावी लागते. संकरित व विदेशी रक्ताच्या वासरांना वयाच्या तिसऱ्या महिन्यानंतर आयुष्यात एकदा, अशी तिची शिफारस आहे. या लसीने गोचीड ताप टळतो. गोचिडाला तिचे काहीही वाटत नाही, तो पूर्वीसारखाच रक्त पितो.

दुसरी गोष्ट आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन. ते औषध आहे. काही दिवसांत शरीरातून निघून जाते आणि मागे प्रतिकारशक्ती वगैरे काही ठेवत नाही.

तिसरी म्हणजे खरी गोचीडविरोधी लस. ती भारतात अजून विक्रीला नाही. तुमच्या लसीकरण कार्डावर नाव पाहा. थायलेरियाची लस असेल तर तुमचे पैसे वाया गेलेले नाहीत. त्या कालवडींना खांद्यापुढची गाठ सुजून १०५–१०६ अंश ताप चढला नाही, याचे श्रेय बहुधा तिलाच जाते. गोचीड कमी करण्याचे काम मात्र वेगळेच करावे लागेल.

लस म्हणजे जंतूविरुद्ध, हे समजते. पण बाहेरून चिकटलेल्या किड्याविरुद्ध लस कशी चालेल? (कृषी पदविका विद्यार्थी, अकोले)

गोचीड बाहेर चिकटतो, पण पोटात घेतो ते जनावराचे रक्त, आणि त्या रक्तात प्रतिपिंडे (परक्या पदार्थाला ओळखून चिकटणारी प्रथिने, अँटिबॉडी) असतात. सगळी युक्ती एवढ्यावरच आहे.

आपल्याकडे सर्वांत त्रासदायक असलेला ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस (जुन्या पुस्तकांत बूफिलस) घ्या. त्याच्या आतड्याच्या पेशींवर एक प्रथिन असते. ते ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेत पीटर विलाड्सन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात शोधले आणि त्याला बीएम ८६ असे नाव पडले. सुरुवातीला हजारो माद्यांच्या आतड्यांचा अर्क काढून, तो गाळत गाळत, वासरांना टोचून कोणत्या भागामुळे संरक्षण मिळते ते पाहिले गेले. नेमके प्रथिन हाती लागल्यावर त्याचे जनुक जिवाणूत घालून प्रथिन हवे तेवढे तयार करता येऊ लागले. (दोन वाचकांनी "गोचीड वाटून त्याचा अर्क टोचला तर?" असे विचारले आहे. संशोधकांनी नेमके तेच करून सुरुवात केली होती. पण गोठ्यात तसे केल्यास गाठ, पू आणि रक्तदोष एवढेच हाती लागेल. शिवाय त्या अर्कात बॅबेसिया किंवा ॲनाप्लाझ्मा हे गोचिडातून पसरणारे रोगजंतू जिवंत असू शकतात. करू नका.)

गायीला हे प्रथिन तेलयुक्त सहायक द्रव्यासह (प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या पदार्थासह) टोचले की तिच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. गोचीड ते रक्त पितो. प्रतिपिंडे त्याच्या आतड्याच्या पेशींना चिकटतात, रक्तातल्याच पूरक प्रथिनांच्या मदतीने त्या पेशी फुटतात आणि आतड्याला गळती लागते. लस दिलेल्या गायीवरचे काही गोचीड नेहमीच्या करड्या-निळसर रंगाऐवजी लालसर दिसतात ते यामुळेच. आतड्यातले रक्त शरीराच्या पोकळीत उतरलेले असते. काही गोचीड मरतात. जास्त महत्त्वाचे हे की ज्या माद्या जगतात त्या पूर्ण फुगत नाहीत, कमी अंडी घालतात आणि त्यातली कमी उबतात.

म्हणून ही लस फवारणीसारखी समजू नका. फवारणी उभे तण मारते, ही लस तणाचे बी वांझ करते. आज अंगावर असलेले गोचीड लस दिल्यावर उद्याही तिथेच असतील. निकाल दिसतो तो पुढच्या पिढ्यांमध्ये, म्हणजे कळपात लस सुरू केल्यावर दोन-चार महिन्यांनी.

यात एक अडचण मुळातच आहे. बीएम ८६ हे गोचिडाच्या पोटात लपलेले प्रथिन आहे. गोचीड चावताना लाळ सोडतो, आतडे नव्हे. त्यामुळे रोज शंभर गोचीड चावले तरी गायीच्या शरीराला या प्रथिनाची आठवण होत नाही आणि प्रतिपिंडे उतरू लागतात. पुन्हा पुन्हा बूस्टर द्यावा लागतो तो यासाठी. लाळेतल्या प्रथिनांवर लस केली तर प्रत्येक चावा हाच बूस्टर ठरेल, असे वाटणे साहजिक आहे. तसे प्रयत्नही चालू आहेत. पण लाळेत एकच काम करणारी अनेक प्रथिने असतात. एक अडवले तर दुसरे ते काम उरकते. लाखो वर्षे यजमानाच्या प्रतिकारशक्तीला चकवत आलेल्या जिवाची ती तयारी आहे.

ही लस जगात कुठे प्रत्यक्ष वापरली गेली? आकडे द्यावेत. (पशुधन पर्यवेक्षक, जि. लातूर)

मुख्यतः दोन ठिकाणी. दोन्हीकडचा अनुभव एकमेकांच्या उलट आहे, आणि शिकण्यासारखे आहे ते त्यातच.

क्युबात हवाना येथील जनुक अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्राने बीएम ८६ हे प्रथिन पिचिया नावाच्या यीस्टमध्ये तयार करून 'गावाक' ही लस १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली. मात्रा २ मिली, स्नायूत. वेळापत्रक शून्य, चौथा आणि सातवा आठवडा, त्यानंतर दर सहा महिन्यांनी बूस्टर. १९९५ ते २००३ या काळात सुमारे ५ लाख ८८ हजार दुभत्या जनावरांवर हा कार्यक्रम राबवला गेला. गोचीडनाशकाच्या फेऱ्या ८७ टक्क्यांनी घटल्या. गोचिडाने पसरणाऱ्या बॅबेसियाचे (आपल्याकडचा लाल लघवीचा आजार) रुग्ण हजार जनावरांमागे ५४ वरून १.९ वर आले.

ऑस्ट्रेलियात हीच कल्पना 'टिकगार्ड' या नावाने १९९४ मध्ये बाजारात आली, तिथे जिवाणूत बनवलेल्या प्रथिनापासून. होल्स्टीन गायींवरच्या एका क्षेत्रीय चाचणीत एका पिढीत गोचिडांची संख्या ५६ टक्क्यांनी आणि प्रयोगशाळेत मोजलेली प्रजननक्षमता ७२ टक्क्यांनी घटली. आकडे वाईट नव्हते. तरीही ही लस तिथल्या बाजारातून गेली.

फरक लसीत कमी आणि वापरात जास्त होता. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्युबाकडे गोचीडनाशक आयात करायला परकी चलन नव्हते. कार्यक्रम सरकारी होता, कळपातले प्रत्येक जनावर धरले जात होते, आणि लस एकटी नव्हती : गोचीड ठरावीक संख्येपेक्षा वाढले तरच फवारणी, असा नियम सोबत होता. ऑस्ट्रेलियात निर्णय प्रत्येक पशुपालकाचा. मोठमोठ्या कुरणांवरची जनावरे दर अडीच-तीन महिन्यांनी गोळा करून बूस्टर देणे त्याला परवडेना. शिवाय टोचल्यावर गोचीड गळून पडत नाहीत हे पाहून "लस चालत नाही" असा निष्कर्ष काढणारेही होतेच. आमचे स्पष्ट मत असे की एकट्यादुकट्या शेतकऱ्याने चार गायींना देण्याची ही लस नाही. गावाने किंवा दूध संघाने मिळून कळपभर राबवली तरच तिचा अर्थ लागतो. तुमच्या गोठ्यात बी वांझ होत असताना शेजारच्या गायीवरून रोज नव्या माद्या तुमच्या बांधावर गळत असतील, तर तुमचे आकडे हलणार नाहीत.

मेक्सिकोतला एक उपयोग मुद्दाम सांगतो. जिथे गोचीड औषधांना दाद देईनासे झाले होते, तिथे गावाक आणि अमिट्राझ हे गोचीडनाशक एकत्र वापरून नियंत्रण मिळवले गेले. आपल्याकडे लस आली तर तिचा पहिला उपयोग हाच असेल असे आम्हाला वाटते.

मग भारतात ही लस का नाही? आयात करायला काय हरकत आहे? (तीन-चार वाचक)

पहिले कारण, गोचीड एक नाही. आपल्या गोठ्यात दोन जाती मुख्य आहेत. ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस अळी, शिशू आणि प्रौढ या तिन्ही अवस्था एकाच जनावरावर सुमारे तीन आठवड्यांत पुऱ्या करतो. हायलोमा ॲनाटोलिकम मात्र दोन किंवा तीन यजमान बदलतो, मधल्या काळात गोठ्याच्या भिंतींतल्या भेगांत लपतो, आणि थायलेरिया मुख्यतः तोच पसरवतो. लस दोघांवर चालायला हवी. बीएम ८६ चा परिणाम हायलोमावर चांगला होतो असे प्रयोगांत दिसले आहे, ही जमेची बाजू. आफ्रिकेतल्या ऱ्हिपिसेफॅलस ॲपेंडिक्युलेटस आणि अँब्लिओमा या गोचिडांवर मात्र तिचा परिणाम झाला नाही.

दुसरे कारण, एकाच जातीतही फरक. अर्जेंटिनातल्या एका वाणाच्या मायक्रोप्लसवर क्युबाची लस फारशी चालली नाही. तपासल्यावर त्याचे प्रथिन थोडे वेगळे निघाले. त्यावरून बीएम ९५ ही सुधारित आवृत्ती करावी लागली. म्हणजे परदेशी बाटली उघडून टोचण्याआधी आपल्या गोचिडांवर तिची चाचणी हवीच.

इज्जतनगर (बरेली) येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत यावर बरीच वर्षे काम चालू आहे. हायलोमातले बीएम ८६ चे भावंड 'एचएए ८६', तसेच सबोलेसिन, ट्रोपोमायोसिन अशा प्रथिनांच्या चाचण्या तिथे वासरांवर झाल्या आहेत. सबोलेसिनकडे जगभर लक्ष आहे, कारण ते गोचिडाच्या अनेक जातींत जवळजवळ सारखे आहे आणि त्याच्या प्रजननाशी व पचनाशी निगडित आहे. युगांडाच्या राष्ट्रीय कृषी संशोधन संघटनेची लसही सबोलेसिनवरच उभी आहे. ब्राझीलमध्ये ॲक्वापोरिन या पाणी वाहून नेणाऱ्या प्रथिनावरच्या लसीची चाचणी झाली. पाहण्यातली गंमत अशी की गोचीड प्यायलेल्या रक्तातले जादा पाणी लाळेवाटे परत गायीतच सोडतो, आणि ते काम अडवणे हा त्या लसीचा हेतू आहे.

तिसरे कारण पैशाचे. पहिल्या दोन महिन्यांत तीन टोचण्या, पुढे वर्षाला दोन, प्रत्येक वेळी शीतसाखळी. इतके करून परिणाम ७०–८० टक्के, तोही उशिरा. दुकानात शंभर-दोनशे रुपयांत औषधाची बाटली मिळत असताना कंपनीला हे गणित जमवणे अवघड जाते.

नातेवाइकांकडून परदेशी लसीच्या बाटल्या मिळण्याची शक्यता आहे. वापराव्यात का? (संकरित गोठा, जि. कोल्हापूर)

नाही. परवान्याशिवाय पशुलस आणणे बेकायदा आहे. ते बाजूला ठेवले तरी तेलयुक्त लस एकदा गोठली की इमल्शन फुटते आणि बाटलीत फक्त गाठ आणणारे तेल उरते. ते बाहेरून ओळखू येईलच असे नाही.

पदव्युत्तर अभ्यासासाठी गोचीड-लसीच्या चाचण्यांचे प्रबंध वाचते आहे. "कार्यक्षमता ७५ टक्के" म्हणजे ७५ टक्के गोचीड मेले का? चाचणीत चूक कुठे होते? (विद्यार्थिनी, पशुवैद्यकीय महाविद्यालय, शिरवळ)

नाही, आणि हा गैरसमज प्राध्यापक मंडळींतही आढळतो. सूत्र असे आहे :

कार्यक्षमता = १०० × [१ − (संख्या × अंडी × उबवण)]

'संख्या' म्हणजे लस गटात रक्त पिऊन भरून गळलेल्या माद्यांचे नियंत्रण गटाशी (लस न दिलेल्या गटाशी) गुणोत्तर. 'अंडी' म्हणजे दर मादीमागे अंड्यांच्या वजनाचे तसेच गुणोत्तर. 'उबवण' म्हणजे दर ग्रॅम अंड्यांमागे निघालेल्या अळ्यांचे. समजा नियंत्रण गटात सरासरी ५०० माद्या गळल्या आणि लस गटात ३००, तर संख्या ०.६. दर मादीमागे अंडी १०० मिलिग्रॅमऐवजी ६० मिलिग्रॅम, म्हणजे ०.६. उबवण ९० टक्क्यांऐवजी ६३, म्हणजे ०.७. तिघांचा गुणाकार ०.२५२, कार्यक्षमता सुमारे ७५ टक्के. गायीच्या अंगावरचे गोचीड मात्र ४० टक्केच कमी झाले. शेतकऱ्याला दिसतात ते हे ४० टक्के, आणि प्रबंधात छापले जातात ते ७५. दोन्ही खरे आहेत.

चाचणीची रूढ पद्धत तुम्हाला ठाऊक असेलच : गोचीडमुक्त वाढवलेली संकरित वासरे, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने टोचण्या, नियंत्रण गटाला फक्त सहायक द्रव्य. मग प्रत्येक वासरावर मोजून अळ्या सोडायच्या. १ ग्रॅम अंड्यांतून सुमारे २०,००० अळ्या निघतात, त्यामुळे अळ्या मोजण्याऐवजी अंडीच वजन करून नळीत ठेवतात. विसाव्या दिवसाच्या सुमारास माद्या गळू लागतात. रोज सकाळी गोळा करून वजन, २८ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेत ठेवणे, चौदाव्या दिवशी अंड्यांचे वजन, नंतर उबवण.

चुका बहुतेक कुठे होतात ते सांगतो. वासराने पूर्वी गोचीड पाहिले असतील तर त्याची नैसर्गिक प्रतिकारशक्ती लसीच्या खात्यावर जमा होते. वासरू अंग चाटू शकत असेल तर ते अळ्या चाटून टाकते. म्हणून कानाला किंवा पाठीला कापडी पिशवी चिकटवून त्यात अळ्या सोडतात. अळ्या दोन-तीन आठवड्यांच्या असाव्यात. महिना-दीड महिना नळीत राहिलेल्या अळ्या दमलेल्या असतात, दोन्ही गटांत कमी चिकटतात आणि फरक पुसट होतो. नियंत्रण गटाला सहायक द्रव्य न देता नुसते मिठाचे पाणी टोचले तर तेलामुळे झालेली सर्वसाधारण चेतनाही लसीचीच वाटते. आणि सर्वांत नेहमीची गोष्ट : गटात तीन-तीन वासरे. एका प्रबळ वासरामुळे सरासरी कोठेही जाते. प्रबंध वाचताना सरासरीआधी प्रत्येक वासराचा आकडा शोधा. तो दिलेलाच नसेल तर निष्कर्ष हातचा राखून वाचा.

आमच्याकडे डांगी आणि गीर आहेत. त्यांना या लसीची गरज पडेल का? (ता. इगतपुरी)

फारशी नाही. वशिंडाच्या गायी अळ्यांनाच नीट चिकटू देत नाहीत. त्यांची कातडी, चाटण्याची सवय आणि प्रतिकारशक्ती तिन्ही कामी येतात. लस मुख्यतः होल्स्टीन-जर्सी रक्त जास्त असलेल्या जनावरांसाठी.

लस येईल तेव्हा येईल. सध्या फवारणीचा उपयोग होत नाही. दर आठवड्याला डेल्टामेथ्रिन मारतो, तरी गोचीड जसेच्या तसे. मात्रा दुप्पट करू का? (१४ संकरित गायी, ता. श्रीरामपूर)

मात्रा दुप्पट करू नका. आधी ठरवा, औषध हरले की फवारणी.

डेल्टामेथ्रिन १.२५ टक्के असेल तर लिटरला २ मिली. सायपरमेथ्रिन १० टक्के असेल तर १ मिली. अमिट्राझ १२.५ टक्के असेल तर २ मिली. टक्केवारी कंपनीगणिक बदलते, म्हणून "एक झाकण" हे माप सोडा आणि लेबल वाचा. मोठ्या गायीला सर्वांग चिंब व्हायला चार-पाच लिटर द्रावण लागते. बहुतेक गोठ्यांत एका पंपात सगळा गोठा उरकतात आणि पाठ भिजली की झाले असे मानतात. गोचीड असतो कानाच्या आत, गळ्याच्या पोळीखाली, पुढच्या पायांच्या बगलेत, कासेमागे आणि शेपटीच्या मुळाशी. केसांच्या उलट दिशेने, खालून वर फवारा. पावसात नको, भर उन्हात नको. जनावराला आधी पोटभर पाणी पाजा म्हणजे ते अंग चाटणार नाही. दूध काढून झाल्यावर फवारा, कास धुऊन मगच पुढची धार काढा. हातमोजे आणि तोंडाला फडके हवेच. अमिट्राझ घोड्याला चालत नाही.

एवढे नीट करूनही दोन दिवसांनी टंच माद्या जिवंत दिसल्या तर औषधाला प्रतिकार आला असे समजा. भारतात अनेक राज्यांत पायरेथ्रॉइड गटाला, म्हणजे डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिन दोघांनाही, हा प्रतिकार नोंदला गेला आहे. दोन्ही एकाच गटातली आहेत. त्यामुळे एक सोडून दुसरे घेणे म्हणजे बदल नव्हे. खात्रीसाठी आपोआप गळलेल्या २५–३० भरलेल्या माद्या छिद्रे पाडलेल्या डबीत, किंचित ओलसर कापसासह, उन्हापासून दूर ठेवून एक-दोन दिवसांत पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या परोपजीवीशास्त्र विभागाकडे पोचवा. स्पिरिटमध्ये बुडवू नका, चाचणीला त्या जिवंत लागतात. तिथे माद्या औषधात बुडवून अंडी किती घालतात ते पाहतात, किंवा त्यांच्या अळ्या औषध लावलेल्या कागदी पाकिटात २४ तास ठेवून किती मरतात ते मोजतात.

दर आठवड्याची फवारणी बंद करा. प्रतिकार वाढवण्याचा तो सर्वांत जलद मार्ग आहे. मायक्रोप्लस जनावरावर सुमारे २१ दिवस राहतो. दर तीन आठवड्यांनी एक चोख फवारणी केली तर कोणतीही पिढी पूर्ण भरून गळण्याआधी गाठली जाते. गट बदलायचा तो दर फवारणीला नव्हे, हंगामाला.

फवारणीने भागत नाही कारण दर वेळी अंगावर असतात त्याच्या कितीतरी पट गोचीड जमिनीवर अंडी-अळीच्या रूपात असतात. एक भरलेली मादी २,००० ते ३,००० अंडी घालते. गोठ्याच्या भिंतींच्या भेगा सिमेंटने बुजवा. दगडमातीची भिंत असेल तर फ्लेम गन सांध्यांतून फिरवा, पण आधी कडबा आणि जनावरे बाहेर. गव्हाणीखालची जागा, दाव्याचे खुंट आणि दाराची चौकट विसरू नका, हायलोमा तिथेच बसतो. काढलेले गोचीड उकिरड्यावर टाकू नका, मादी तिथेही अंडी घालते. साबणाच्या गरम पाण्यात किंवा रॉकेलमध्ये टाका. चिरडू नका, बोटाला जखम असेल तर धोका तुम्हाला आहे. नवे जनावर आणले तर तीन आठवडे वेगळे बांधा.

मोजदाद ठेवा. सकाळी, दर पंधरा दिवसांनी, त्याच तीन गायींच्या एकाच बाजूवरच्या साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठ्या, म्हणजे साधारण तुरीच्या डाळीएवढ्या, माद्या मोजून दुप्पट करा. पुढच्या चोवीस तासांत गळणाऱ्या माद्यांचा हा बराच चांगला अंदाज असतो. आकडा वहीत नसेल तर औषध, गोठा आणि उद्या आलीच तर लस, यांपैकी कशाचाच उपयोग झाला की नाही ते कळणार नाही.

आयव्हरमेक्टिनबद्दल : १ टक्क्याचे, ५० किलो वजनाला १ मिली, कातडीखाली. दुभत्या गायीला नको, ते दुधात उतरते. भाकड जनावरे आणि कालवडींनाही पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच.

गायींना गोचिडाची लस दिली तर माकडतापही थांबेल का? (वाचक, ता. दोडामार्ग)

गोव्याच्या सत्तरीत २०१५ मध्ये आणि दोडामार्ग-बांदा भागात २०१६ पासून हा आजार दिसला, म्हणून प्रश्न रास्त आहे. पण तो मुख्यतः हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या जंगलातल्या गोचिडातून येतो. माणसाला चावतात ती त्याची बारीक शिशू अवस्था, पानगळीच्या कोरड्या महिन्यांत. त्याचे प्रौढ गोचीड मात्र जंगलात चरणाऱ्या गायी-म्हशींवर पोसले जातात. म्हणजे गुरे विषाणूचा साठा नसली तरी गोचिडांची संख्या वाढवतात. तत्त्वतः गायीला लस देऊन ही साखळी ढिली करता येईल. पण आज ज्ञात असलेल्या लसी दुसऱ्या वंशाच्या गोचिडांसाठी बनवलेल्या आहेत आणि या गोचिडावर त्या चालतात असे धरून चालू नये.

तूर्त काजूच्या बागेत किंवा रानात जाताना आरोग्य खात्याकडून मिळणारे, गोचिडाला दूर ठेवणारे डेपा किंवा डीएमपी तेल उघड्या अंगाला लावा, पायमोजे विजारीवर ओढा, पाचोळ्यावर बसू नका. आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा आणि कपडेही गरम पाण्यात टाका. जनावरांवर डिसेंबर ते मे या काळात वरच्या उत्तरातली फवारणी करा. रानात माकड मेलेले दिसले तर हात न लावता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. त्या जागेभोवती ५० मीटरपर्यंत फवारणी करण्याची जबाबदारी त्यांची आहे.

कोंबड्या गोचीड खातात का? (ता. संगमेश्वर)

खातात, गायीच्या अंगावरचेही टिपतात. फवारणी केल्यावर दोन दिवस मात्र त्यांना गोठ्यात सोडू नका.